जुन्या बुलेटचा क्लच दोन बोटांत कसा येतो?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. सोलापुरात पार्क चौकात गाडी हळूहळू पुढे सरकवत असलो की शेजारच्या गाडीवरचा कुणीतरी माझ्या डाव्या हाताकडे बघतो. "काय मालक, एवढी जुनी बुलेट आणि क्लच दोन बोटांत?" लग्नाच्या पंगतीत वाढप्यानंसुद्धा हे विचारलंय. विचारणाऱ्याची गाडी बहुतेक माझ्यासारखीच असते, उजव्या पायाच्या गिअरची, आणि संध्याकाळपर्यंत त्याचं मनगट भरून आलेलं असतं. माझं उत्तर ऐकून तो जरा हिरमुसतो, कारण त्याला एखाद्या पार्टचं नाव हवं असतं आणि मी म्हणतो, आधी क्लचची वायर काढून बघा.

क्लच जड झाला असं आपण म्हणतो तेव्हा आतल्या स्प्रिंगा बहुतेक वेळा होत्या तशाच असतात. हाताचा जोर वाटेतच खर्च होतो. तो कुठे होतो हे कळायला गॅरेजची गरज नाही. गिअरबॉक्सकडचं वायरचं टोक सोडवा, ते टोक चिमटीत हलकं ताणून धरा आणि दुसऱ्या हाताने लिव्हर ओढा. लिव्हर अडखळत आली, वाळूत घासल्यासारखी वाटली, तर दोष वायरीत किंवा लिव्हरच्या पिनेत. मऊ आली तर पुढे गिअरबॉक्सकडे बघायचं. एवढं न करता क्लचच्या प्लेटा बदलून बसलेले लोक मला माहीत आहेत.

वायरीबद्दल माझं मत जरा पक्कं आहे, कारण माझी उमर लूमवर गेली. साखर पेठेत जॉबर होतो, म्हणजे मागांची देखभाल करणारा. सूत दांडीला वळसा घेऊन गेलं की त्याचा ताण वाढतो, आणखी एक दांडी आली की आणखी वाढतो, हे तिथे शिकाऊ पोरालाही कळतं. क्लचच्या वायरीचंही असंच आहे. एकेक वळण किती घट्ट आहे यापेक्षा वायर हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंत एकूण किती वळते, हे जास्त महत्त्वाचं. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर काटकोनाएवढं एक जादा वळण हाताचा जोर सव्वापटीहून थोडा जास्तच करतं. अशी दोन वळणं आली तर दीडपटीच्या वर. (घट्ट वळणात वायरीवरची नळी दबते आणि वायर लवकर झिजते, ते वेगळं.) म्हणून उंच हँडल बसवलं आणि वायर जुनीच ठेवली, की क्लच जड होणारच. टाकीखाली दबलेली, क्रॅश गार्डला पट्टीने आवळलेली नळी मी कितीतरी गाड्यांवर बघितलीय. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. कुठेही नळी ताणली किंवा मुडपली जाता कामा नये.

मग वायर स्वतः. वायरीच्या लिव्हरकडच्या टोकाला जी गोळी असते, तिच्या मानेपाशी वायर चिमटीत धरून फिरवा. एखादा तार तुटला असेल तर अंगठ्याला टोचतो. एक तुटला की तो नळीत घासतो, मग दुसरा जातो. अशी वायर तेल पाजून सुधारत नाही, बदलायची. तार तिथेच का तुटतात? गोळी लिव्हरच्या खाचेत फिरायला हवी. ती कोरडी पडून अडकली की लिव्हर ओढताना दरवेळी वायर मानेत वाकते. तिथे ग्रीसचा एक ठिपका आणि लिव्हरच्या पिनेला थोडं तेल, बस.

वायर शाबूत पण कोरडी असेल तर ती उतरवून उभी टांगा, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोन बांधा आणि त्यात पातळ तेल ओता. रात्रभरात खालून थेंब यायला लागतो. आधी काळं येतं, मग स्वच्छ. आपल्याकडची धूळ नळीत किती जाते ते तेव्हा दिसतं. आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या वायरीत ग्रीस मात्र भरू नका. धूळ धरून तेच घट्ट होतं.

आता बाजारातल्या 'क्लच हलका करणाऱ्या' वस्तूंबद्दल. गिअरबॉक्सकडचा लांब आर्म असो, मधे बसवायचा जोड असो की वेगळी लिव्हर, गणित एकच. समजा जुन्या लिव्हरीत पिनेपासून गोळीपर्यंत ३० मिलिमीटर आहेत आणि नवीत २६. जोर १३ टक्क्यांनी कमी लागेल, पण वायरही तेवढीच कमी ओढली जाईल. मग क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर टाकताना खडखडतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. या वस्तू वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण वायर नीट झाल्याशिवाय त्यांना हात लावू नये. लिव्हरीत दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवायचीच, नाहीतर प्लेटा घसरून जळतात.

स्प्रिंगांची गोष्ट शेवटी, कारण तिथे दोष सापडला तर तो सहसा कुणीतरी आणून बसवलेला असतो. क्लच ज्यात बसतो त्या चेनकेसमध्ये कारचं इंजिन ऑईल टाकलं, त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी प्लेटा घसरायला लागल्या, आणि उपाय म्हणून कडक स्प्रिंगा घातल्या. घसरणं थांबलं, हात गेला. अशा गाडीत योग्य तेल टाका, प्लेटा साफ करा किंवा झिजल्या असतील तर बदला, आणि मूळ मापाच्या स्प्रिंगा परत बसवा.

जुन्या येझदीवाले हा प्रश्न फारसा विचारत नाहीत. चालत्या गाडीत गिअरचा पाय दाबला की त्यांचा क्लच आपोआप सुटतो, हाताला काम निम्मंच. आपण बुलेटवाल्यांनी निदान सिग्नलला न्यूट्रल करून लिव्हर सोडावी. गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराकडे जायचं असेल तर मी सरळ गाडी लांब लावतो आणि चालत जातो. त्या गर्दीत कुठलाच क्लच हलका नसतो.