जोडणीच्या गाडीचा यांत्रिक स्पीडोमीटर दुरुस्त करताना

रत्नागिरीत माझ्या मामेभावाने आणि मी मिळून जोडलेल्या उघड्या, दोन आसनी गाडीचा स्पीडोमीटर पहिल्यापासून वेग जास्त दाखवत असे, आणि या पावसाळ्यानंतर त्याचा काटाही थरथरू लागला. ताशी तीस किलोमीटरच्या आसपास तो वीस ते पंचेचाळीस असा झुलत राही. वेग वाढला की स्थिरावे, पण स्थिरावल्यावर जो आकडा दाखवी तो खरा नसे. गॅरेजवाल्या काकांनी पाहताक्षणी “मीटरच बदलून टाका” असे सांगितले. हा सल्ला कारखान्यातून आलेल्या गाडीसाठी कदाचित चालून जाईल, परंतु जोडणीच्या गाडीत तो बहुधा चुकीचा ठरतो, आणि तो का चुकीचा ठरतो हे नीट लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

संचरूपात गाडी विकत घेऊन ती स्वतः जोडण्याची पद्धत जुनी आहे. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन ही छोटी उघडी गाडी १९५७ मध्ये आली ती मुख्यतः सुट्या भागांच्या रूपात, कारण ब्रिटनमध्ये तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर लागे आणि संचावर तो लागत नसे. कोकणालाही हा घाट अपरिचित नाही. अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने सेव्हनच्या धर्तीची फायबरच्या अंगाची रोडस्टर बनवली होती. आमची गाडी त्या कारखान्यातली नव्हे. तिचा गिअरबॉक्स एका गाडीचा, मागचा आस दुसरीचा, मीटर तिसरीचा आणि टायर आम्ही निवडलेले, मूळ टायरांपेक्षा लहान. सगळा प्रश्न इथेच आहे. मीटर स्वतः धडधाकट असूनही तो ज्या गाडीसाठी घडवला गेला त्या गाडीचा वेग सांगत राहतो.

यांत्रिक स्पीडोमीटरची रचना जर्मनीतील ओट्टो शुल्त्से यांच्या १९०२ च्या पेटंटपासून तत्त्वतः बदललेली नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग असतो, तो पिनियन नावाच्या एका छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, आणि त्या पिनियनमध्ये बसवलेली केबलची आतली तार मीटरपर्यंत फिरत जाते. मीटरमध्ये ती एका कायम चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते. ती चुंबकाला कुठेही टेकलेली नसते, पण फिरत्या चुंबकामुळे तिच्यात भोवरा प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, निर्माण होतात आणि ती त्याच दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि ही ओढ व हा विरोध जिथे सारखे होतात तिथे काटा थांबतो. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र या चुंबकाशी संबंध ठेवत नाहीत; ते त्याच शाफ्टवरून दातेरी चाकांनी थेट फिरतात.

निदानाची सगळी किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे. चुंबक क्षीण झाला किंवा स्प्रिंग बिघडली तर काटा चुकतो, आकडे बरोबर राहतात. केबलच्या फेऱ्याच चुकीच्या प्रमाणात येत असतील तर काटा आणि आकडे दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतात. दोन्ही बंद पडले तर तार तुटली आहे, तिचे चौकोनी टोक झिजले आहे किंवा पिनियनचे दात गेले आहेत. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी गाडी रस्त्यावर नेऊन दोघांची साक्ष वेगवेगळी घ्यावी.

आकड्यांची साक्ष आम्ही हातखंब्याच्या पुढे मुंबई–गोवा महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर घेतली. दगडांनी दहा किलोमीटर दाखवले तेव्हा मीटरचे आकडे बारा पुढे गेले होते. काट्यासाठी एकसारखा वेग धरता येईल असा सरळ रस्ता लागतो, आणि आमच्या भागात तसा तो सड्यावरच, म्हणजे जांभ्याच्या सपाट माळावरच मिळतो; आरे-वारेच्या किनारी वळणांवर किंवा घाटातल्या झाडीखाली फोनच्या जीपीएसवरही पूर्ण भरवसा टाकता येत नाही. मोकळ्या आकाशाखाली सड्यावर जीपीएस साठ दाखवत असताना काटा बहात्तरावर होता. काटा आणि आकडे दोन्ही एकपंचमांशाने पुढे, म्हणजे मीटर निर्दोष आणि दोष प्रमाणाचा. मीटर बदलला असता तर पैसे गेले असते आणि खोटा वेग तसाच राहिला असता. खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये, आणि खऱ्यापेक्षा जास्त दाखवायचा तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर यापलीकडे नको, असा संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाचा दंडक आहे. साठला सत्तर ही त्याची मर्यादा. आम्ही तीही ओलांडली होती.

थरथरीचा प्रश्न मात्र अगदी वेगळा होता आणि तो केबलमध्ये होता. आतली तार कुठेतरी अडखळते, पीळ साठवते आणि तो एकदम सोडते. सावकाश फिरताना ते झटके काट्यावर दिसतात. आमच्या गाडीत केबल पायांजवळच्या पत्र्यातून बाहेर पडताच फार तीव्र वळण घेत होती. वळणाची त्रिज्या दीडशे मिलिमीटरपेक्षा कमी नसावी आणि दोन्ही टोकांच्या जोडांपाशी केबल काही अंतर सरळच असावी, हा जुना आणि पक्का नियम आहे. त्यात आपली खारी, दमट हवा. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या उघड्या गाडीची तार बाहेर काढली तेव्हा खालच्या भागावर गंज आणि जांभ्याची लाल धूळ यांचा एकजीव लेप बसलेला होता.

तार रॉकेलने धुऊन सपाट काचेवर लोळवून पाहावी. कुठे बाक असेल तर ती उड्या मारत लोळते, आणि तशी तार सरळ करण्याच्या भानगडीत न पडता बदलावीच. नव्या तारेला ग्रीस अगदी पातळ लावावे आणि मीटरकडचा साधारण वीस सेंटिमीटर भाग पुसून कोरडा ठेवावा. याबाबतीत हात सैल सोडण्याची सवय मी अनेक गॅरेजांत पाहिली आहे आणि ती खरोखर घातक आहे: फिरती तार जादा ग्रीस वर चढवते, ते चुंबक आणि वाटी यांच्यामध्ये शिरते, आणि मग काटा उगाचच पुढे झेपावतो किंवा अडकून बसतो. त्याच कारणाने पिनियनच्या घरातले ऑइल सीलही बदलले, नाहीतर गिअरबॉक्समधले तेल त्याच वाटेने वर येते.

आता प्रमाण. आमच्या मीटरला एका किलोमीटरला ६३७ फेऱ्या लागतात. ताशी साठच्या वेगाने एका मिनिटात एक किलोमीटर होतो, म्हणून मिनिटाला ६३७ फेऱ्यांवर काटा साठवर यायला हवा, आणि वेग बदलता येणाऱ्या ड्रिलने हे टेबलावर तपासता येते. ड्रिल लावण्यापूर्वी तार कोणत्या दिशेने फिरते ते पाहून घ्यावे. आमचा काटा साठवरच आला, आणि मीटर निर्दोष असल्याची खात्री पटली. नंतर मीटरकडून केबल सोडवून तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण चिकटवला, भाऊ चालकाच्या जागी बसला आणि गाडी न्यूट्रलमध्ये सपाट जमिनीवर वीस मीटर सरळ ढकलली. बाणाच्या पंधरा फेऱ्या पूर्ण होऊन सोळावीचा तिसरा हिस्सा झाला, म्हणजे किलोमीटरला सुमारे ७६६. ही मोजणी जॅकवर एकच चाक उचलून करू नये. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असले की डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेमुळे, उचललेले चाक दुप्पट फिरते आणि हिशेब निम्म्याने फसतो.

६३७ ला ७६६ ने भागले की ०.८३ येते, म्हणजे जवळजवळ पाच षष्ठांश. पिनियनचे दात मोजले, ते पंधरा होते. अठरा दातांचा पिनियन नेमके हेच प्रमाण देतो. त्याच गिअरबॉक्सच्या दुसऱ्या मॉडेलचा अठरा दाती पिनियन कोल्हापूरच्या जुन्या भागांच्या बाजारात मिळाला, पण त्याचा व्यास मोठा असल्यामुळे त्याचे घरही सोबत घ्यावे लागले. तो मिळाला नसता तर केबलच्या मध्ये बसणारी छोटी प्रमाण बदलणारी पेटी हा दुसरा उपाय होता. तिच्यामुळे जोड वाढतात आणि आमच्या हवेत प्रत्येक जोड म्हणजे पाणी शिरण्याची एक जागा, म्हणून मी पिनियनलाच प्राधान्य देतो.

केबलचा मार्ग मोठ्या वळणाने फिरवून पुन्हा सड्यावर गेलो. जीपीएसच्या साठला काटा एकसष्टाच्या जवळ स्थिर आहे, आणि तीसच्या वेगालाही तो हलत नाही. टायर आठ मिलिमीटरच्या नव्या खाचेपासून कायद्याच्या १.६ मिलिमीटरपर्यंत झिजेल तेव्हा परीघ दोनेक टक्क्यांनी घटेल आणि काटा तेवढा पुढे जाईल. तेवढा फरक मला मान्य आहे. मीटरच्या पाठीवर ६३७ आणि पिनियनचे १८ दात असे रंगाने लिहून ठेवले आहे, म्हणजे पुढे टायरचे माप बदलले तर वीस मीटरची मोजणी करून लगेच हिशेब मांडता येईल.