खणांची जोडणी, नेलगन आणि मोकळा डावा हात

मंडळी, कपाटाचा सांगाडा स्क्रूवर उभा राहिला. आता खणांची पाळी आहे. १२ मिमी प्लायच्या बाजू, कोपऱ्यांना ग्लू, आणि ग्लू सुकेपर्यंत कोपरा धरून ठेवायला १८ गेजचे ब्रॅड, म्हणजे बारीक खिळे. त्यामुळे या वेळची नोंद खणांची कमी आणि नेलगनची, म्हणजे हवेच्या दाबावर किंवा बॅटरीवर खिळे मारणाऱ्या यंत्राची, जास्त झाली आहे. खणांचं काम सरळ आहे, नेलगनचं तसं नाही.

नव्याने आलेल्यांसाठी एवढंच, की गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. २३ ची पिन मारल्यावर शोधावी लागते, १८ चा ब्रॅड खण-चौकटींना पुरतो, १६ चा फिनिश नेल त्याहून जाड. घराचे लाकडी सांगाडे ठोकणारी फ्रेमिंग नेलगन आपल्या कामाची नाही. पण दुखापतींबद्दल जे काही नीट अभ्यासलं गेलंय ते बहुतेक तिच्याबद्दलच, आणि त्यातलं बरंच आपल्यालाही तंतोतंत लागू पडतं.

अमेरिकेत २००१ ते २००५ या काळात नेलगनने जखमी होऊन इमर्जन्सी विभागात जाणाऱ्यांची संख्या वर्षाला सरासरी ३७,००० होती. यातले सगळे साइटवरचे कामगार असतील असं वाटतं ना? २००५ साली त्यात सुमारे १४,८०० जण घरी स्वतःचं काम करणारे होते, म्हणजे आपल्यासारखे हौशी. १९९१ मध्ये हाच आकडा ४,२०० च्या आसपास होता. नेलगन घरोघरी पोचली, तिच्यासोबत येणारी सवय आणि शिस्त मात्र तेवढ्या वेगाने पोचली नाही, असा मी याचा अर्थ लावतो.

निम्म्याहून जास्त जखमा हाताला आणि बोटांना होतात. त्यातही नेलगन धरणारा हात सहसा वाचतो आणि काम धरून ठेवणारा सापडतो. (डावखुऱ्यांनी या नोंदीतला ‘डावा’ उजवा समजावा.) म्हणून खणांना हात घालण्याआधी मी एकच गोष्ट ठरवली: खिळा मारताना डाव्या हाताला जोडणीत काही कामच ठेवायचं नाही.

त्याआधी ट्रिगर. नाक, म्हणजे खिळा जिथून सुटतो ते टोक, दाबल्याशिवाय नेलगन चालत नाही एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण ट्रिगर मुख्यतः दोन जातींचे असतात. एकात ट्रिगर दाबून धरला की नाक जिथे टेकेल तिथे खिळा सुटतो. टेकवत जा, खिळे बसत जातात. याला काँटॅक्ट किंवा बम्प म्हणतात. दुसरा फुल सिक्वेन्शियल: आधी नाक दाबायचं, मग ट्रिगर, आणि पुढच्या खिळ्याआधी दोन्ही सोडायचे. पहिल्याची गोम धक्क्यात आहे. खिळा सुटला की नेलगन उसळते. आपण अजून जोर लावून असतो, म्हणून ती लगेच परत खाली येते, बोट ट्रिगरवरच असतं, नाक पुन्हा टेकतं आणि न मागितलेला दुसरा खिळा सुटतो. तोही पहिल्याच्या जागी नाही. एक तर बाजूला, नाहीतर पहिल्याच्या डोक्यावर आपटून भलतीकडेच. शिकाऊ सुतारांवरच्या अभ्यासात काँटॅक्ट ट्रिगरचा धोका सिक्वेन्शियलच्या दुप्पट निघाला होता.

वेग जातो, ही तक्रार नेहमीची. यावर एक छान प्रयोग झालाय. अनुभवी सुतारांना ८ बाय १० फुटांच्या दोन सारख्या खोल्या बांधायला दिल्या, एक या ट्रिगरने, दुसरी त्या. काँटॅक्टने खिळे मारण्याचा वेळ साधारण १० टक्के वाचला. संपूर्ण बांधकामाच्या वेळात ती बचत एक टक्क्याहूनही कमी निघाली. आपला अर्धा वेळ तर मोजण्यात आणि पेन्सिल शोधण्यात जातो. हौशी माणसाला बम्प मोडचा उपयोग काय, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

तुमच्याकडचा ट्रिगर कुठला ते रंगावरून ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. तुकडा टेबलाला क्लॅम्प करा, डावा हात पाठीमागे घ्या, आधी ट्रिगर दाबा आणि मग नाक टेकवा. खिळा सुटला तर फुल सिक्वेन्शियल नाही. बऱ्याच मॉडेलना खटका बदलून मोड निवडता येतो, काहींना वेगळा ट्रिगर विकत मिळतो. माझ्या नेलगनला खटका आहे. तो मी सिक्वेन्शियलवर नेला आणि वर टेप लावून टाकली.

आता खणांचा खरा गुंता. १२ मिमीच्या बाजूतून खिळा मारायचा तो समोरच्या १२ मिमी प्लायच्या कडेत. मधोमध मारला तरी दोन्हीकडे सहा-सहा मिमीच उरतात. ब्रॅडचं टोक छिन्नीसारखं तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे गाठ किंवा प्लायमधला कडक थर लागला की खिळा वाट बदलतो, आणि बदलतो तो एका ठरावीक दिशेने. हे बघायला टाकाऊ पट्ट्यांच्या कडेत मुद्दाम ५० मिमीचे खिळे मारले, नेलगन कधी उभी धरून, कधी आडवी. एका पकडीत खिळे सरळ गेले किंवा पट्टीच्या लांबीतच वळले. दुसऱ्या पकडीत एक खिळा थराथरांतून वळत प्लायच्या दर्शनी बाजूने नखाएवढा बाहेर आला, टोक वर करून. त्या जागी कोपरा धरणारं बोट असतं तर बाकी सांगायला नको. आता पकड ठरली: खिळा वळलाच तर लांबीत वळावा. तुमच्या नेलगनमध्ये खिळे कसे बसतात त्यावर ही दिशा ठरते, तेव्हा दुसऱ्याचं ऐकून धरू नका, चार तुकडे वाया घालवा.

लांबीही कमी केली. ५० चा खिळा बाजूचे १२ मिमी ओलांडून कडेत ३८ मिमी जातो, ३० चा फक्त १८. जितका कमी आत, तितका भरकटायला वाव कमी. ताकद ग्लूची आहे, खिळ्याची नाही. ३० पुरे.

अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शिकेत हात खिळ्याच्या जागेपासून किमान १२ इंच लांब ठेवायला सांगितलंय. खणाचा कोपरा हाताने धरून हे जमणारच नाही, खणच मुळी तेवढा नसतो. म्हणून प्लायचे काटकोनी ठोकळे कापले, प्रत्येकाला क्लॅम्पसाठी दोन भोकं पाडली आणि ठोकळ्याच्या टोकाचा कोपरा थोडा छाटला, म्हणजे पाझरलेला ग्लू ठोकळ्याला चिकटत नाही. कोपऱ्यात ठोकळा, दोन क्लॅम्प, कर्ण मोजून खण काटकोनात आहे याची खात्री, आणि मग नेलगन. पहिला खण जोडायला जीव मेटाकुटीला आला. पुढचे भराभर झाले, आणि वर सगळे काटकोनातही आले, जे हाताने धरून माझ्याकडून कधीच झालं नसतं.

हवेवरची नेलगन असेल तर जोडणी एकदा तपासा. पाइपच्या टोकाला कपलर (झडपेची बाजू) आणि नेलगनला पुरुष निपल (कपलरच्या आत शिरणारं टोक), असंच हवं. मग पाइप काढताच नेलगनमधली हवा निघून जाते. हे उलटं बसवलं असेल तर पाइप काढूनही आत दाब कोंडलेला राहतो आणि एक खिळा सुटू शकतो. अडकलेला खिळा काढायचा तर आधी पाइप सोडा, मग मॅगझिन (खिळ्यांचा कप्पा) रिकामं करा, आणि त्यानंतरच नाक उघडा. बॅटरीवाल्यांनी बॅटरी काढून निर्धास्त होऊ नये. काही मॉडेलमध्ये सीलबंद सिलिंडरात दाबलेला वायू असतो आणि खिळा ठोकणारं पातं अडकलेलं असेल तर सुटताना झटका देतं. पक्कड वापरा, बोट नको.

चष्मा बाजूंनी झाकलेला, ईएन १६६ किंवा झेड ८७.१ या सुरक्षा मानकांचा शिक्का असलेला. कानाला मफ. हातमोजे टेबल सॉ, राउटर आणि ड्रिलपाशी अजिबात नकोत, फिरतं पातं मोज्यासकट हात ओढून घेतं.

आणि खिळा बोटात गेलाच तर? उपटू नका. काही खिळ्यांना काटेरी कड असते, खिळ्यांची पट्टी जोडून ठेवणारा ग्लू किंवा तारेचे तुकडे सोबत आत जातात, आणि उपटताना शीर किंवा स्नायूबंध आणखी फाटू शकतो. हाताच्या जखमांपैकी साधारण चौथ्या हिश्शात हाड, सांधा, स्नायूबंध किंवा मज्जातंतू दुखावलेला असतो, बाहेरून मात्र एवढंसं भोक दिसतं. सूज चढायच्या आत अंगठी काढा, हात हलणार नाही असा बांधा, त्याच पट्टीतला एक खिळा डॉक्टरांना दाखवायला खिशात टाका आणि दवाखाना गाठा. एक्स-रे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी होईलच. डोळ्यात काही घुसलं असेल तर दाबू नका, धुऊ नका. वर कप उपडा धरून लगेच निघा.

खणांचे तळ अजून खाचेत सरकवायचे आहेत, तिथे खिळा लागणार नाही. नंतर चॅनेल, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या. दोन्ही बाजूंना साडेबारा मिमी जागा सोडली आहे, पण बाजूंवर काही खिळ्यांची डोकी वर राहिलीत आणि चॅनेल त्यावर सपाट बसत नाही. खिळा किती खोल जाईल ते ठरवणारी नेलगनची चकती आणखी थोडी फिरवायला हवी. जी डोकी वर आहेत ती पंचाने आत घालतो.