हॉलमधली तरावीह आणि माझी टाळी

आज पाचवा रोजा. रविवार आहे, इफ्तारची भांडी घासून झालीत, पोरं वर टेरेसवर आहेत, इशाला (रात्रीच्या नमाजला) अजून पंधरा-वीस मिनिटं आहेत म्हणून मोबाईल घेऊन बसलेय, तेवढ्यात जमेल तेवढं लिहिते, बाकीचं सहरीनंतर.

यंदा चांद दिसला तो नेमका गुढीपाडव्याला. १३ एप्रिल २०२१. शेजारच्या काकू गुढी उतरवत होत्या आणि आमची पोरं चांद शोधत होती, एकाच टेरेसवर. काकूंनी श्रीखंडाची वाटी दिली आणि विचारलं, यंदा तरी मशीद चालू का गं? मी म्हटलं कुठली काकू, कोरोनामुळे ५ तारखेपासूनच बंद आहेत की, तुमची मंदिरं पण बंदच की. मग रात्री साडेआठला मुख्यमंत्री टीव्हीवर आले, उद्या रात्री ८ पासून १४४ वगैरे, आणि आमच्याकडे पहिल्या तरावीहची (रमजानमध्ये रात्री इशानंतर पढायची लांब नमाज) तयारी चाललेली. अब्बा (माझे सासरे) म्हणाले आधी ते ऐकून घेऊ. ऐकलं. मग टीव्ही बंद केला आणि त्याच्यावर माझी जुनी ओढणी टाकली, कारण नमाज काबेकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला तोंड करून पढायची आणि आमच्या हॉलमध्ये पश्चिम म्हणजे टीव्हीचीच भिंत. टीव्हीला सजदा करतोय असं नको वाटायला.

म्हणजे सलग दुसरा रमजान घरात. मधे उघडल्या होत्या मशिदी, मागच्या वर्षी १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला, आणि पुढचा पाडवा यायच्या आतच परत कुलूप. अब्बा म्हणाले दोन पाडव्यांच्या मधे बसली आपली मशीद.

मागच्या वर्षीचं जास्त आठवतंय पण. २४ एप्रिल २०२०, शुक्रवार. लॉकडाऊनला महिना होऊन गेलेला आणि आमच्या सांगली जिल्ह्यात तर इस्लामपूरला मार्चमध्येच केसेस निघालेल्या, त्यामुळे मिरजेत लोक अगदी घाबरून होते. देवबंदपासून सगळ्या मोठ्या उलेमांनी सांगितलेलं, घरातच पढा. मशिदीत फक्त इमामसाहेब, मुअज्जिन आणि दोन-तीन माणसं. अजान व्हायची आणि गल्लीत कुणी बाहेर पडायचं नाही. मक्केत हरम शरीफमध्ये सुद्धा बाहेरच्यांना बंदी, तरावीहच्या २० च्या जागी १० रकात (रकात म्हणजे नमाजचा एक फेरा), ते टीव्हीवर बघितलं तेव्हा अब्बांच्या डोळ्यात पाणी आलं. ७१ वर्षांचे आहेत. म्हणाले कळतं तेव्हापासून एक तरावीह मशिदीबाहेर झाली नाही. मिस्टरांचं पण तेच, चेहरा असा की घरात कुणी गेलंय.

आणि मी किचनच्या दारात उभी राहून विचार करत होते की माझी तर एक पण मशिदीत झाली नाही.

खरंच सांगते, तेव्हा बोलले नाही हे. बोलायची वेळ नव्हती ती. पण आमच्याकडच्या बहुतेक बायकांचं असंच आहे. इतर वर्षी काय असतं, इफ्तार झाला, मगरीब झाली, की सव्वाआठला घरातले सगळे पुरुष टोपी घालून अत्तर लावून बाहेर. हाफिजसाहेबांच्या (ज्यांना पूर्ण कुराण पाठ असतं) मागे रोज सव्वा पारा, दीड पारा (कुराणाचे असे तीस भाग), सत्ताविसाव्या रात्री कुराण खत्म, पेढे, हाफिजसाहेबांना शाल आणि नजराणा. आम्ही काय, भांडी, सहरीचं पीठ भिजवणं, पोरांचा अभ्यास, मग रात्री साडेदहाला बेडरूमच्या कोपऱ्यात जानमाज टाकायची आणि डोळे मिटत असताना २० रकात पुऱ्या करायच्या, कधी ८ वरच झोप यायची, अल्लाह माफ करे. म्हणजे 'घरात तरावीह कशी पढायची' हा प्रश्न पुरुषांना २०२० मध्ये पडला, आम्हाला कधीच पडला नव्हता. पुण्याच्या एका जोडप्याने तर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका टाकलेली, बायकांना मशिदीत येऊ द्या म्हणून, त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने सांगितलं की यायला मनाई नाही, पण जमातने (सगळ्यांनी मिळून) पढणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. बरं. मनाई नाही पण आमच्या मशिदीत बायकांना वजू (नमाजआधी हातपाय धुणं) करायला नळ पण नाही, हे कोर्टाला कोण सांगणार.

असो. तर इमाम कोण होणार हा प्रश्न आला. अब्बांचे गुडघे गेलेत, ते खुर्चीवर. मुलगा ११ वर्षांचा, आम्ही हनफी (सुन्नींचा एक पंथ), आमच्यात नाबालिग, म्हणजे वयात न आलेल्या मुलाच्या मागे मोठ्यांची नमाज होत नाही. राहिले मिस्टर. आणि मिस्टरांना पाठ काय, तर अलमतरपासूनच्या दहा सुरा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुराणातल्या शेवटच्या दहा छोट्या सुरा, सूरे फीलपासून सूरे नासपर्यंत, दर रकातला एक, दहा झाल्या की परत पहिल्यापासून, झाल्या २० रकात. हाफिज नसेल तिथे 'अलमतरची तरावीह' पढतात, काही वाईट नाही त्यात. माझा पूर्ण तिसावा पारा पाठ आहे, लहानपणी गल्लीतल्या खालाने छडी घेऊन करून घेतलेला. पण बाईच्या मागे पुरुषांची नमाज नाही. ठीक आहे, मसला आहे, मी काय भांडत नाहीये, फक्त सांगतेय की हॉलमध्ये सगळ्यात जास्त ज्याला येत होतं ते माणूस सगळ्यात मागच्या रांगेत उभं होतं.

रांगा पण कशा, चौदा फुटाचा हॉल. दिवाण उभा करून भिंतीला लावला, टीपॉय बाहेर. पुढे मिस्टर, त्यांच्या मागे अब्बांची खुर्ची आणि मुलगा, त्यांच्या मागे अम्मा (सासूबाई), मी आणि मुलगी. आमची रांग निम्मी हॉलमध्ये निम्मी किचनच्या उंबऱ्यावर, सजद्यात गेलं की फ्रिजचा घरघर आवाज थेट पायातून यायचा.

पहिले चार बरे झाले. पाचव्या-सहाव्याला काफिरून, नस्र पण नीट. मग पुढे एका ठिकाणी दोन रकात झाल्यावर बसायचं सोडून मिस्टर सरळ तिसरीला उभेच राहिले. आता अशा वेळी मागच्यांनी 'सुबहानल्लाह' म्हणून इमामाला आठवण करून द्यायची असते. मी अब्बांची वाट बघितली. अब्बा खुर्चीत... मला वाटतं डुलकी लागलेली. मुलगा बापाला काय बोलणार. आणि बाईने आवाज काढायचा नसतो, बाईने टाळी वाजवायची, ती पण टाळ्या वाजवतो तशी नाही, उजव्या हाताचा तळवा डाव्या हाताच्या पाठीवर. लहानपणी वाचलेलं, आयुष्यात कधी वापरलं नव्हतं. कुणाच्या मागे उभी राहिले तर वापरणार ना!

वाजवली. जरा जोरातच वाजली.

मिस्टर दचकून खाली बसले, अब्बा जागे झाले आणि मुलगी फिसकन मोठ्याने हसली. सजदा-ए-सहव (चुकीबद्दलचे जादा सजदे) करून त्यांनी सलाम फिरवला आणि वळून पहिलं वाक्य काय, "टाली इत्ती जोर से कायकू बजाई गे?" अब्बांनी मुलीला सांगितलं, नमाजमध्ये आवाज करून हसलीस, वजू पण गेला, जा परत करून ये. ती अजून हसतच बेसिनकडे.

त्या रात्री अजून दोन टाळ्या झाल्या. सूरे लहबमध्ये अडकले आणि तिथल्या तिथे फिरत राहिले. मी टाळी वाजवली, पण गंमत अशी आहे की टाळीने चुकलंय एवढंच कळतं, काय चुकलंय ते कळत नाही. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता, अम्मा कोपराने मला ढोसत होत्या, आणि आम्ही सगळे तिथे उभे. शेवटी बिचाऱ्यांनी रुकू केला, म्हणजे पुढे वाकले. नमाज झाल्यावर मी किचनमध्ये ते आयत म्हणून दाखवलं, ते ओट्याला टेकून माझ्या मागे म्हणत होते, एकदा, दोनदा, पाच वेळा. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण एकमेकांच्या कुराणाचा आवाज आम्ही असा ऐकला नव्हता.

त्यानंतर रोज असर (दुपारनंतरची नमाज) झाल्यावर आमची शाळा. ईदपर्यंत (२५ मे ला झाली) सूरे आदियात, कारिया, तकासुर अशा पाच-सहा नवीन झाल्या. माझ्या जावेला फोनवर सांगितलं तर ती हसायला लागली, ती चिपळूणची, शाफई (सुन्नींचाच दुसरा पंथ), त्यांच्याकडे बायका-बायकांची जमात चालते, ती तिच्या मुलींची आणि नणंदेची इमाम होऊन मस्त मोठ्या सुरा पढत होती, आणि शिवाय त्यांच्यात कुराण हातात धरून बघून पढलं तरी चालतं म्हणे. आमच्यात दोन्ही नाही. हेवा वाटला, लपवत नाही.

अब्बांनी मात्र मागच्या वर्षी मला एक गोष्ट सांगितली ती डोक्यात राहिली. हुजूर (स.), म्हणजे पैगंबर, स्वतः रमजानमध्ये काही रात्री मशिदीत पढले, मागे लोक जमायला लागले, रोज जास्त, मग एका रात्री ते बाहेर आलेच नाहीत. सकाळी म्हणाले, तुम्ही आलात ते मला माहीत होतं, पण मला भीती वाटली की हे तुमच्यावर फर्ज (सक्तीचं) होऊन जाईल. सगळ्यांना एका इमामाच्या मागे उभं केलं ते नंतर हजरत उमरनी, उबै बिन काब यांच्या मागे. म्हणजे घरात पढणं ही काय नवीन गोष्ट नाही. हे सांगून स्वतःच म्हणाले, पण मशीद ती मशीद. आणि मग, वारीच्या पादुका एसटीतून गेल्या यंदा, आपलं काय घेऊन बसलीस. आषाढीच्या वेळी म्हणाले होते हे, बातम्या बघत.

आणि तरावीह म्हणजे मुळात विश्रांत्या. दर चार रकातनंतर जरा बसायचं असतं, त्यावरून नाव पडलं. मशिदीत कुठे बसतात, तसबीह पुटपुटली की उठा, लोकांना दुकानं उघडायची असतात. घरात आम्ही खरंच बसतो. अब्बा पाय चोळून घेतात, पोरं पाणी पितात, अम्मा कुणाकुणाची नावं काढून दुआ करतात. या वर्षी नावं फार वाढलीत. रोज एखादं तरी आजारी किंवा गेलेलं. बेड मिळाला का, इंजेक्शन मिळालं का, तिथेच जानमाजवर बसून फोन होतात, तेवढं झालं की परत उभं राहायचं.

यंदाची पहिली रात्र मिस्टरांनी सूरे आला आणि गाशियाने सुरू केली. मला सांगितलं पण नव्हतं. वर्षभर दुकानात बसून पाठ केलेलं दिसतंय. मी मागे हात बांधून उभी, टाळीच्या तयारीत, आणि वाजवायची वेळच येईना. गाशियाच्या शेवटी एका ठिकाणी थांबले, मी श्वास धरला, त्यांना आठवलं, पुढे गेले.

काल मात्र सूरे बुरूजमध्ये एक टाळी पडली. हळू वाजवली. सलाम फिरवून मागे न वळताच म्हणाले, "बरोबर."

चला, अजान झाली. टीव्हीवर ओढणी टाकायचीय.