तुम्ही विचारलंत म्हणून : नोकरी, कविता आणि एक हातयंत्र

“सरकारी नोकरीत राहून कविता लिहिता येते का हो?” हा प्रश्न मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच. विचारणारा बहुधा पंचविशीतला, नुकताच कुठेतरी चिकटलेला असतो. मी ‘नाही’ म्हटलं तर राजीनामा लिहायला बरं, असा भाव चेहऱ्यावर. त्याला मी एक नाव सांगतो : जुआंव काब्राल द मेलो नेतो. नाव गोव्याकडच्यांना ओळखीचं वाटेल, पण माणूस ब्राझीलचा. आधुनिकतावादी कवी, हौशी मुद्रक-प्रकाशक आणि पेशाने मुत्सद्दी.

जन्म १९२० चा, ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफे शहरातला. घराणं ऊसमळेवाल्यांचं. मळ्यावरचे मजूर रविवारच्या बाजारातून पद्यकथांच्या स्वस्त चोपड्या आणायचे आणि वाचता येणाऱ्या या मालकाच्या पोराकडून वाचून घ्यायचे. घरच्यांना ते अजिबात रुचलं नाही. पुढे त्याने यावर कविताही लिहिली. मला वाटतं, त्याचं खरं शिक्षण तिथेच झालं.

१९४५ मध्ये तो परराष्ट्र खात्यात शिरला आणि १९४७ मध्ये स्पेनमधल्या बार्सिलोनाला उपवाणिज्यदूत म्हणून गेला. डोकेदुखी त्याला जन्माची पुजलेली. अ‍ॅस्पिरिन एवढी घ्यायचा की त्या गोळीवरच त्याने एक कविता लिहिली; तिच्यात गोळी म्हणजे वापरायला सोपा, खिशात मावणारा, स्वस्त सूर्य आहे. तर डॉक्टरांनी सांगितलं, काहीतरी अंगमेहनतीचं करा. दुसरा कुणी टेनिस खेळला असता. याने हाताने चालवायचं छपाईयंत्र विकत घेतलं!

मग कचेरी सुटल्यावर साहेब घरी छपाईचे खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे. छापलेले कागद शिवायचे नाहीत, सुटेच ठेवायचे, म्हणून प्रकाशनाचं नाव ‘बिनशिवणीचं पुस्तक’ अशा अर्थाचं. तिथून त्याने स्वतःच्या कविता काढल्या, मान्वेल बांदेइरा या थोर (आणि नात्यातल्याच) कवीच्या काढल्या. १९४९ मध्ये जुआन ब्रोसा या तरुण कवीची कातालान, म्हणजे बार्सिलोनाकडच्या भाषेतली, सुनीतं छापली. हे काम साधं नव्हतं. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रांकोची राजवट होती, कातालान पुस्तकांवर सरकारची करडी नजर होती आणि छापणारा होता परक्या देशाचा अधिकारी. काब्रालशी झालेल्या गप्पांनी ब्रोसाची कविताही बदलली. स्वप्नांचा पसारा आवरून ती रस्त्यावरच्या माणसांकडे वळली.

ज्याने हाताने खिळे जुळवले आहेत त्याला ओळ उगाच लांबवायचा कंटाळा येतो, असा माझा अंदाज आहे. काब्रालचा प्रेरणेवर विश्वासच नव्हता. कविता ‘सुचते’ या बोलण्याची त्याला चीड. त्याच्या एका कवितेत लिहिणं म्हणजे घेवड्याचे दाणे निवडणं आहे : पाण्यात टाकावेत, पोकळ वर तरंगतात, ते फेकावेत. इथवर कुठल्याही स्वयंपाकघरात पटेल. पण पुढे तो म्हणतो, दाण्यांत खडा राहिला तर दात मोडतो, कवितेत मात्र तो राहू द्यावा. वाचणारा वाहवत चालला असेल तर अडखळेल, पुन्हा नीट बघेल.

आता नोकरीने त्याला काय दिलं, ते सांगतो. बार्सिलोनात असताना एका नियतकालिकात त्याने वाचलं की रेसिफेमधलं सरासरी आयुर्मान २८ वर्षं आहे आणि भारतातलं २९. आपलं गाव भारताच्याही मागे, याचा त्याला धक्का बसला. (आपण तेव्हा जगाला गरिबी मोजायचं माप म्हणून उपयोगी पडत होतो, हेही लक्षात घ्या.) त्यातून त्याच्या गावच्या कापिबारिबे नदीवरची दीर्घ कविता झाली, ‘पिसं नसलेला कुत्रा’. ती १९५० मध्ये त्याच यंत्रावर छापली गेली. चिखल, खेकडे, त्या चिखलातच राहणारी माणसं, आणि हे सगळं समुद्रापार बसून लिहिलेलं. गावातच राहिला असता तर तो आकडा त्याला असा झोंबला असता का, मला शंका आहे.

नोकरीने दणकाही दिला. लंडनला असताना एका सहकाऱ्याला लिहिलेलं पत्र फुटलं, कम्युनिस्ट असल्याचा आळ आला, चौकशी लागली आणि १९५३ मध्ये बिनपगारी निलंबन झालं. तो कोर्टात गेला, जिंकला, पुन्हा रुजू झाला. त्यानंतरचं त्याचं गाजलेलं काम म्हणजे दुष्काळातून नदीकाठाने शहराकडे निघालेल्या सेवेरिनोचं पद्यनाट्य. वाटेत त्याला भेटतं ते मरणच, आणि शेवटी एका झोपडीत मूल जन्मतं. १९६५ मध्ये साओ पावलोच्या विद्यार्थ्यांनी ते रंगमंचावर आणलं. संगीत शिकू बुआर्कीचं, म्हणजे पुढे ब्राझीलभर गाजलेल्या गायक-गीतकाराचं, तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा. गंमत म्हणजे काब्रालला संगीत मुळीच आवडत नसे.

एक गोष्ट मला आजही खटकते, तीही त्या मुलांना सांगतो. १९६४ नंतर ब्राझीलमध्ये लष्करशाही होती आणि हा माणूस तिच्या काळातही खात्यात राहिला, सेनेगलला राजदूतही झाला. तिथले राष्ट्राध्यक्ष सेंघोर स्वतः मोठे कवी, म्हणजे सोबत चांगली होती. पण ज्याने सेवेरिनो लिहिला, त्याने त्या सरकारचा पगार घ्यावा? चरितार्थ होता, बायको-मुलं होती, आणि एकदा खात्याने बाहेर काढल्याची आठवण होती. मी त्याला दोषी धरत नाही, पण प्रश्न सोडूनही देत नाही.

म्हातारपणी त्याची दृष्टी गेली आणि लिहिणं थांबलं. सांगून लिहून घेता आलं असतं, पण कागदावर शब्द दिसल्याशिवाय त्याला कविता रचता येत नसे. १९९९ मध्ये तो गेला.

तेव्हा विचारणाऱ्यांनो, राजीनामा तूर्त खिशातच असू द्या. पोर्तुगीज येत नसेल तर इंग्रजीतून वाचा. अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशपने सेवेरिनोच्या काही भागांचा अनुवाद केला आहे. पण सुरुवात त्या निवडायच्या दाण्यांच्या कवितेपासून करा. छोटी आहे, जेवणाच्या सुट्टीत होते.