ओगेची तळ्यातला भात

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसहून १६९ नंबरचा हायवे धरला की दोनेक तासांत मिल लॅक्स तळं येतं. वाटेत दुकानांतून 'वाइल्ड राइस' म्हणून काळा चकचकीत दाणा मिळतो. तो बहुतेक शेतात पेरून यंत्रानं कापलेला असतो. पाऊण तास शिजवा, तरी दाताखाली काडीच. मला त्याचा रागच येतो. तळ्यातला, लाकडावर भाजलेला दाणा करडा-तपकिरी असतो आणि वीस मिनिटांत फुलतो. इथले मूलनिवासी ओजिब्वे त्याला 'मनोमिन' म्हणतात, दुसरे मूलनिवासी डकोटा 'प्सिन'.

इथं आधी डकोटांची वस्ती होती. मिल लॅक्स हे मोठं तळं त्यांचं 'म्दे वाकन', पवित्र तळं. त्यांच्या गावाचं नाव फ्रेंचांनी 'इझातिस' असं लिहिलं. पुढं कुणीतरी ते हस्ताक्षर चुकीचं वाचलं आणि तिथल्या उद्यानाला 'काथिओ' हे कुठल्याच भाषेत नसलेलं नाव चिकटलं. अठराव्या शतकात पूर्वेकडून ओजिब्वे आले, डकोटा दक्षिणेला सरकले. भात तिथंच राहिला.

त्याच उद्यानातल्या ओगेची तळ्यावर ऑगस्टअखेरीस जावं. होडीत दोघं. एक उभा राहून दुबेळक्याच्या लांब काठीनं होडी रेटतो. वल्ह्यानं मुळं उपटली जातात. दुसरा बसून एका दांडक्यानं ताटं होडीवर वाकवतो, दुसऱ्यानं लोंब्यांवरून हलकेच फटकारतो. दांडकी देवदारासारख्या हलक्या लाकडाची. राज्याच्या नियमानं ३० इंचांहून लांब नकोत आणि प्रत्येकी एका पौंडाहून जड नकोत. पिकलेला दाणाच गळायला हवा. जोरात झोडपलं तर ताट मोडतं आणि मागून पिकणारे दाणे वाया जातात, कारण लोंबी एकदम पिकत नाही; आठ-दहा दिवस त्याच तळ्यावर पुन्हा पुन्हा यावं लागतं. पाण्यात पडलेलं, ते पुढच्या वर्षीचं बी. बिनपेरलेलं धान्य म्हटल्यावर ऋषिपंचमीचा देवभात आठवतोच, आणि हंगामही तोच.

पुढचं काम जास्त किचकट. ओला दाणा ढिगात ठेवला तर बुरशी धरतो, म्हणून त्याच दिवशी पसरायचा. मग लोखंडी कढईत मंद जाळावर सतत ढवळत भाजायचा. हात थांबला की तळ करपतो. लाकडी पट्ट्यांनी मढवलेल्या खड्ड्यात नव्या मऊ मोकासिननी, म्हणजे चामड्याच्या जोड्यांनी, तुडवायचा, मग भूर्जाच्या सालीच्या सुपात पाखडायचा. कुसळं डोळ्यांत आणि घशात जातात, तेव्हा वाऱ्याकडे पाठ करावी. इतकं करून वजन साधारण निम्मं उरतं. महाग का, हे विचारू नये.

जूनमध्ये पानं पाण्यावर तरंगत असताना पातळी एकदम चढली तर रोपं उपटून वर येतात. ओगेचीत बंधाऱ्यानं पाणी वाढवलं आणि भात जवळजवळ गेला; पातळी उतरवल्यावर परतला.

घरी वाटीला अडीच-तीन वाट्या पाणी घालून उघड्या पातेल्यात शिजवा. कुकर लावलात तर लापशी होईल.