टेटूची रोपं: पेरणीपासून पहिल्या पावसापर्यंत

टेटूच्या रोपांनी पहिला उन्हाळा काढला. बहुतेक सगळी तगली आणि पाऊस सुरू झाल्यापासून जोमाने वाढू लागली आहेत. दशमुळातलं (आयुर्वेदातल्या दहा औषधी मुळांतलं) हे झाड बियांपासून वाढवायला घ्यावी असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून आतापर्यंतच्या नोंदी इथे देतो.

बी मिळवताना वेळ साधावी लागते. शेंग चपटी, हातभर ते मीटरभर लांब. ती वाळून दोन फाकांत उघडली की बी वाऱ्यावर निघून जातं. त्यामुळे शेंग तडकायच्या बेतात असतानाच उतरवलेली बरी. आत पडद्याला लागून बियांच्या चळती असतात. मधला दाणा चपटा आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पंख. पंखासकट बी चांगलं सात-आठ सेंटिमीटर रुंद भरतं, पण तळहातावर ठेवलं तर वजन जाणवत नाही. चिनी वैद्यकात साल सोडून हे बीच औषध म्हणून घेतात, घशाच्या दुखण्यावर आणि खोकल्यावर.

पेरताना पंख कापला नाही. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत यांच्या मिश्रणात बी आडवं ठेवून वर मातीचा पातळ थर दिला. टेटूच्या बियाला कसलीही प्रक्रिया लागत नाही, फक्त ते ताजं हवं. जुनं होत गेलं की उगवण घसरते. कोंब आला की आधी खाचेची बीजपत्रं दिसतात, मग साधी, दातेरी कडांची पानं. संयुक्त पान, म्हणजे अनेक छोट्या पानांत विभागलेलं, यायला त्यापुढे वेळ लागतो. पिशवीत पाणी साचू देऊ नका. मूळ जाड आणि मांसल असतं, कुजायला लागलं की रोप हातचं जातं.

रोपं वाढत असताना मोठ्या झाडांवर लक्ष होतंच. टेटूचं शास्त्रीय नाव ओरोझायलम इंडिकम, कूळ बिग्नोनिएसी, म्हणजे पाडळ, मेडशिंगी आणि वारसाच्या गोतातलं. भारत आणि श्रीलंकेपासून दक्षिण चीन, थायलंड, फिलिपिन्सपर्यंत हे झाड आढळतं. लिनियसने 1753 साली त्याचं वर्णन बिग्नोनिया इंडिका या नावाने केलं होतं. दोनतीनदा विभागलेलं एक पान दीड मीटरपर्यंत जातं. पानगळीत आधी पर्णिका (पानाचे छोटे भाग) गळतात, मग दांडे सांध्यांतून निखळून बुंध्याशी त्यांचा ढीग पडतो. जंगलात पानं नसलेला टेटू मी या ढिगावरूनच ओळखतो.

फुलासाठी मात्र रात्री जागावं लागतं. फुलोऱ्याचा दांडा शेंड्यातून सरळ वर, पानांच्याही बाहेर येतो. फुलं संध्याकाळनंतर उमलतात आणि पहाटेआधी गळूनही जातात. बाहेरून काळपट तांबडी, आतून फिकट पिवळसर, जाड पाकळ्यांची आणि उग्र वासाची. हे सगळं वटवाघळांसाठी आहे. मधावर येणारी वाघळं फुलाला लटकतात, तेव्हा त्यांचं वजन पेलायला असा मजबूत दांडा आणि जाड पाकळ्याच हव्यात. भोवती मोकळी जागा असल्याने त्यांना उडत येणंही सोपं जातं. या कुळात सहसा चारच पुंकेसर कामाचे असतात, इथे पाचही परागकण देतात. ताज्या फुलातल्या कुक्षीच्या (पराग झेलणाऱ्या टोकाच्या) दोन चपट्या पाळ्यांना गवताची काडी लावून पाहिली. बघता बघता त्या एकमेकींवर मिटल्या. विजेरीच्या उजेडात हे पाहायला मिळालं, यासाठी कितीही जागरण करायची तयारी आहे.

आता औषधाकडे. बेल, टाकळी (अग्निमंथ), पाडळ, शिवण आणि टेटू मिळून बृहत् पंचमूळ, म्हणजे दशमुळातल्या पाच मोठ्या झाडांच्या मुळांचा गट होतो. ग्रंथांत टेटूचं नाव श्योनाक. सूज, आमवात आणि अतिसार यांवर त्याच्या मुळाची साल सांगितली आहे. सालीत बायकालेन, क्रायसिन आणि ओरोझायलिन-ए ही फ्लेव्होनॉइड द्रव्यं आहेत. सूज वाढवणारे पदार्थ शरीरात तयार करणाऱ्या लायपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) बायकालेन अडवतं, त्यामुळे जुन्या वापराला रसायनशास्त्राचा आधार मिळतो. पण पोटातून घेतल्यावर आतडं आणि यकृत त्याचं झपाट्याने रूपांतर करतात, आणि मूळ रूपात फारच थोडं रक्तात पोचतं. काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम माणसात तसाच दिसेल असं म्हणूनच धरता येत नाही. कर्करोगावरचं बहुतेक काम पेशींवर आणि उंदरांवर झालेलं आहे. टेटूवर माझा कितीही जीव असला तरी त्यापुढचा दावा मी करणार नाही.

मला जास्त काळजी झाडाची वाटते. मुळाची साल काढायची तर झाड उपटावं लागतं. शिवाय अरलु हे नाव टेटू आणि महारुख या दोघांनाही लावतात, त्यामुळे बाजारात महारुखाची साल टेटूच्या नावाने खपते. महारुखाचं कूळ वेगळं, त्यातली कडू क्वासिनॉइड द्रव्यंही वेगळी. दोन्ही साली क्रोमॅटोग्राफीने (त्यांतली द्रव्यं वेगळी करून पाहण्याच्या पद्धतीने) सहज ओळखता येतात, पण पुडीतली भरड नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण. टेटूच्या खोडाच्या सालीतही फ्लेव्होनॉइड आहेत आणि पानांतही बायकालेन सापडतं. मुळाऐवजी फांद्यांची साल वापरण्यावर आणखी काम व्हावं असं मनापासून वाटतं.

पुढची तयारी अशी: पाऊस स्थिरावला की जोमदार रोपं जमिनीत जातील, उरलेली मोठ्या पिशव्यांत. टेटूला स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही, आणि माझी सगळी रोपं एकाच झाडाच्या शेंगांमधली, म्हणजे भावंडंच आहेत. म्हणून एकाच जागी निदान दोन-तीन वेगवेगळ्या झाडांची रोपं लावायची आहेत. कुणाकडे दुसऱ्या भागातल्या टेटूचं ताजं बी असेल तर सांगा, बदल्यात रोपं देईन.