आमची वाटचाल: डस्ट सील, स्प्रिंग आणि एक पेटंट

भोसरी एमआयडीसीत आमचं काम रबर मळणाऱ्या टू-रोल मिलचे बुश बदलण्यापासून सुरू झालं. मग रोलचं ग्राइंडिंग आलं, पाठोपाठ नीडर आणि बॅनबरी या रबर मिसळणाऱ्या बंद यंत्रांचं ओव्हरहॉलिंग. आज शॉपमधलं निम्म्याहून जास्त काम एकाच भागाचं असतं: रोटरच्या टोकाला बसणारं डस्ट सील, म्हणजे मिक्सरमधली भुकटी बाहेर पडू न देणारी रिंगांची जोडी.

'बॅनबरी' हे मुळात माणसाचं नाव. फर्नले बॅनबरी यांना १९१६ मध्ये अमेरिकेत या बंद मिक्सरचं पेटंट मिळालं. चेंबरमध्ये उलट दिशांना फिरणारे दोन रोटर आणि वरून माल दाबणारा रॅम ही मांडणी आजही तीच आहे. पेटंटची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे असा मिक्सर आज कोणीही बनवू शकतो. मशीन चालतं की रडतं हे ठरतं ते रोटरचा शाफ्ट चेंबरच्या भिंतीतून जिथे बाहेर पडतो तिथे. दोन रोटर, प्रत्येकाची दोन टोकं, म्हणजे अशा चार जागा.

प्रत्येक जागी दोन रिंगा असतात. एक रोटरबरोबर फिरते, दुसरी जागेवर थांबून स्प्रिंगच्या दाबाने पहिलीला चिकटून राहते, आणि मध्ये पंपाने प्रोसेस ऑइल येतं. सील ठीक असेल तर टोकाखाली काळी, ओलसर लापशी थोडी थोडी साचते. ती दिसली की घाबरून फोन करू नका, ती हवीच. कोरडी भुकटी पडत असेल तर तेल पोचत नाही किंवा रिंगेचं तोंड उघडलंय. तेलाचा ओघळ दिसला तर पंपाचा स्ट्रोक जास्त आहे. हे जादा तेल बॅचमध्येही शिरतं, मग कंपाउंडची, म्हणजे मिसळलेल्या रबरी मालाची, हार्डनेस घसरते आणि दोष केमिस्टच्या माथी जातो.

रिंग झिजलीय म्हणून आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच सीलमध्ये रिंग चांगली आणि स्प्रिंग अडकलेली निघते. स्प्रिंगच्या भोकात काळं (कार्बन ब्लॅकची भुकटी) आणि तेल जातं, गरम होऊन त्याची घट्ट गुठळी बनते. अशी एक स्प्रिंग जॅम झाली की रिंग तिरकी बसते आणि एका बाजूने केसभर फट राहते. त्या फटीतून घुसलेलं काळं पॉलिशच्या दगडासारखं काम करतं, दोन महिन्यांत रिंगेच्या तोंडावरच्या कठीण थरावर, हार्ड फेसिंगवर, चर पडते. म्हणून सील उघडलं की आधी सगळ्या स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजून जुळवायची. रिंग लेथवर नंतर. तोंडाला ब्लू (छाप पाहायचा निळा रंग) लावून रिंग फिरवली की छाप ऐंशी टक्क्यांवर आणि सलग हवी. तुटक छाप आली तर लॅपिंग, म्हणजे तोंड घासून सपाट करणं, पुन्हा.

सीलचे हाल बॅच भरण्यातूनही होतात. ७५ लिटर निव्वळ चेंबर, ०.७५ फिल फॅक्टर (चेंबरचा भरायचा हिस्सा) आणि १.१५ घनता धरली तर बॅच सुमारे ६५ किलोची. उत्पादन वाढवायला ७५ किलो भरले की रॅम पूर्ण खाली बसत नाही आणि भुकटी घशातच लोंबकळते. रबर तुटून मऊ व्हायच्या आत काळं टाकलं, किंवा तेल एकदम ओतलं, तर ते धावतं टोकांकडे. आधी रबर, मग झिंक ऑक्साइड आणि स्टिअरिक ॲसिड, त्यानंतर काळं आणि तेल टप्प्याटप्प्याने. गंधक आणि ॲक्सिलरेटर (गंधकाच्या कामाला वेग देणारं रसायन) माल थंड झाल्यावर मिलवर.

आता पेटंटचं. जुन्या रचनेत स्प्रिंग साफ करायला कपलिंग सोडा, बेअरिंग काढा, रोटर ओढा. दोन-तीन दिवस जातात. भोसरीत गुरुवारची सुट्टी, म्हणजे मेंटेनन्सला हातात एकच दिवस. दोन अर्ध्या भागांची रिंग वापरून हे टाळता येतं, पण तशी रिंग नवी नाही आणि तिच्या सांध्यातून गळती होते. आम्ही स्प्रिंग वेगळ्या नळीत बसवली. नळी बाहेरून आट्यांच्या पुलरने एकेक करून निघते, रिंगेला हात लावावा लागत नाही.

अर्जात सुरुवातीला आम्ही पूर्ण सीलवरच हक्क मागितला होता, तो टिकला नाही. पेटंट कायद्यातलं कलम ३(च) म्हणजे इंग्रजी प्रतीतलं थ्री-एफ: माहीत असलेले भाग, प्रत्येक आपलं जुनंच काम करत असेल, तर त्यांच्या नुसत्या नव्या जुळणीला पेटंट नाही. म्हणून हक्क नळी जागेवर पकडून ठेवणाऱ्या खाचेपुरता आला. अरुंद आहे, पण आमचाच आहे. मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज भरायचा, १२ महिन्यांत कम्प्लीट (पूर्ण), आणि गिऱ्हाइकाच्या शेडवर ट्रायल त्यानंतरच. चाचणीसाठी कायद्यात सूट आहे, पण तिच्या भरवशावर उघडं काम करू नये.

लॅपिंगची पद्धत मात्र अर्जात नाही, इथेही लिहीत नाही. मशीन उघडलं की जे कोणालाही दिसतं त्याचं पेटंट घ्यावं, शॉपमध्येच राहतं ते राहू द्यावं. थॉमस हॅन्कॉकने १८२० च्या सुमारास रबर मळायचं यंत्र केलं तेव्हा पेटंट घेतलं नाही. 'पिकल' असं फसवं नाव देऊन दहा-बारा वर्षं गुपित राखलं. व्हल्कनायझेशनचा, म्हणजे गंधकाने रबर पक्कं करण्याचा, अर्ज मात्र त्याने १८४३ मध्ये भरला, आणि चार्ल्स गुडइयरला त्याच प्रक्रियेचं अमेरिकन पेटंट १८४४ मध्ये मिळालं. कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं, हे हॅन्कॉकला कळत होतं.

आमची नळी सध्या काळ्या कंपाउंडमध्ये चांगली चालते. पांढऱ्या आणि रंगीत मालात अजून डोकेदुखी आहे, कारण तिथे सीलमधून आत आलेला एक थेंबही शीटवर काळी रेघ ओढतो. त्यासाठी सीलचं तेल बॅचच्याच तेलाशी जुळवून पाहणं चालू आहे.

सील दुरुस्तीला पाठवताना रिंगा पुसू नका. चारही जागांच्या स्प्रिंगा वेगवेगळ्या पिशव्यांत, रोटर डावा की उजवा, ड्राइव्हचं टोक की मोकळं, अशी चिठ्ठी लावून पाठवा. कुठल्या बाजूची गुठळी किती आहे, त्यावरूनच निम्मं निदान होतं.